चहाची गाळणी

तस्लीमबाईंनी पिशवीतून तपकिरी बाटली काढली, झाकण फिरवलं आणि ड्रॉपर माझ्या माशांच्या टाकीवर धरला. मी म्हणालो, "नको."

कोणी ऐकलं नाही. माझा आवाज मुळातच लहान. तीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करून तो आणखी लहान झाला होता. शिवाय त्याच वेळी आमच्या सोसायटीचे चेअरमन श्रीशैल कोनापुरे बोलत होते, आणि ते बोलत असताना दुसऱ्याचं ऐकू यायची सोय नव्हती.

"चार थेंब जास्तच टाका बाई," ते म्हणाले. "सरांचं पाणी जुनं आहे. चांगलं मुरलेलं."

मी पुन्हा "नको" म्हणालो आणि या वेळी टाकीच्या झाकणावर पालथा हात ठेवला. ड्रॉपर माझ्या बोटांवर थांबला. तस्लीमबाईंनी वर पाहिलं. स्वयंपाकघराच्या दारात माझी बायको शैला उभी होती, तिनंही पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. लग्नाला चौतीस वर्षं झाली होती आणि घरी आलेल्या माणसाला मी नाही म्हटल्याचं तिनं एकदाही पाहिलं नव्हतं. आमच्याकडे एकाच ज्ञानकोशाचे दोन संच आहेत, कारण दोन वेगवेगळे विक्रेते दारात आले आणि दुसऱ्याला पहिल्याबद्दल सांगायचा मला संकोच वाटला.

ही गोष्ट सोळा वर्षांपूर्वीची, ऑक्टोबरातल्या एका शनिवारची. आमच्या गावात तेव्हा नळाला चौथ्या दिवशी पाणी यायचं. त्यामुळे घरोघरी पिंपं, हंडे, बादल्या, जमेल त्यात पाणी भरून ठेवलेलं. दर पावसाळ्याअखेर डेंगी यायचा. त्या वर्षी तो आमच्या इमारतीत आला. तीन मजले, बारा बिऱ्हाडं. दुसऱ्या मजल्यावर आमच्या समोर म्याकल राहत. व्यंकटेश म्याकलचा टॉवेल-चादरींचा धंदा, बायको पद्मा, आणि श्रावणी ही नऊ वर्षांची एकुलती मुलगी. श्रावणी पाच दिवस दवाखान्यात होती. प्लेटलेट रोज उतरत होत्या. जिन्यात माणसं एकमेकांना नमस्कार करायची सोडून "आज किती?" असं विचारत. त्या शनिवारी सकाळी आकडा बावीस हजारांवर आला होता.

आदल्या दिवशी कमिटीनं ठरवलं की इमारतीतलं साठवलेलं सगळं पाणी एक तर ओतायचं, नाही तर त्यात औषध टाकायचं. कोनापुऱ्यांनी आरोग्य खात्यात फोन केला आणि तस्लीमबाई आल्या. चाळिशीच्या, उन्हानं रापलेल्या, एका खांद्यावर पिशवी, कानामागं पेन. अकरा घरं करून त्या आमच्याकडे आल्या होत्या. प्रत्येक दाराशेजारी भिंतीवर खडूनं तारीख घातलेली होती.

आमचं पिंप आम्ही सकाळीच रिकामं केलं होतं. राहिली टाकी.

तीन फुटांची टाकी होती. ग्रंथालयानं मोडीत काढलेलं कार्डांचं लाकडी कपाट मी घरी आणलं होतं, त्याच्यावर ती ठेवलेली. आत वीसेक गप्पी, आठ निऑन मासे, असंख्य गोगलगायी आणि दोनशेच्या आसपास लाल कोळंब्या. कोळंबी म्हटलं की लोकांना ताट दिसतं. या नखाएवढ्या असतात. दिवसभर इवल्याशा पायांनी दगड, पानं, काच वेचत राहतात. कात टाकली की ती अख्खीच्या अख्खी पाण्यात तरंगते आणि जवळून पाहिलं तर तिच्यात मिशांचीसुद्धा पोकळी असते. मादी पोटाखाली अंडी धरते आणि तीन आठवडे त्यांना पायांनी वारा घालते. व्यंकटेश यायचा तेव्हा काचेला नाक लावून म्हणायचा, "सर, कालवण कधी?" श्रावणी शाळेतून आली की दप्तरासकट आमच्याकडे यायची आणि गोगलगायी मोजायची. आकडा रोज वेगळा निघायचा. आम्ही गावाला गेलो की आमच्या घराची किल्ली म्याकलांकडे असे आणि माशांना चिमूटभर खाणं श्रावणी घालत असे.

पहिल्या दहा कोळंब्यांतल्या नऊ मी मारल्या होत्या. नळाच्या पाण्यातल्या औषधानं मेल्या, हे मला नंतर वाचून कळलं. पुन्हा आणल्या, त्याही मेल्या. मग पुस्तकं मिळवली, वह्या भरल्या, पाणी आठवडा-आठवडा नुसतं मुरवत ठेवलं. आयुष्यात शिक्षण वडिलांनी सांगितलं ते घेतलं, नोकरी मामांनी लावली ती केली. ही एक टाकी मी स्वतः चुकून, स्वतः समजून उभी केली होती. सहा वर्षं झाली होती तिला.

"मासे मरत नाहीत सर यानं," तस्लीमबाई म्हणाल्या. "लोक पितात हे पाणी. माझ्या घरच्या पिंपात मीच टाकते."

मी म्हणालो की माशांना बहुतेक काही होणार नाही. पण डासांची अळी आणि कोळंबी यांची शरीरं बरीचशी सारखी असतात, निदान माझ्या वाचनात तरी तसं आलं आहे, आणि जे औषध अळीला मारतं ते बहुधा कोळंबीलाही, म्हणजे अगदी थोड्या प्रमाणात असलं तरी. संध्याकाळपर्यंत एकही उरणार नाही, असं मला वाटतं. या एवढ्या बोलण्यात मी इतके 'बहुधा' आणि 'बहुतेक' घातले की शेवटी माझाच त्यावरचा विश्वास उडाला.

"म्हणजे नक्की माहीत नाही," कोनापुरे म्हणाले.

"पुस्तकात आहे."

"पुस्तकात," ते तस्लीमबाईंना म्हणाले. पुढं काही बोलायची त्यांना गरज वाटली नाही.

तेवढ्यात पद्मा दारात आली. दवाखान्यात डबा घेऊन निघाली होती, आमच्याकडे दूधवाल्याचा निरोप ठेवायला थांबली. पाच दिवसांत ती पाच वर्षांनी थकलेली दिसत होती. कोनापुऱ्यांनी तिला आत बोलावलं.

"या वहिनी, बगा. तुमची पोरगी तिकडं सलाईनवर, आणि आमच्या सरांना कोळंब्यांची पडलीय."

पद्मानं माझ्याकडे पाहिलं. माझा हात झाकणावरून आपोआप निघाला. शैला हळूच म्हणाली, "अहो, टाकू द्या ना. नंतर परत आणू." ती माझ्या बाजूनंच बोलत होती, हे मला कळत होतं. सहा वर्षं म्हणजे काय, ते मी तिला कधी सांगितलं नव्हतं. ज्याला सांगायला हवं त्याला मी काही सांगतच नाही, ही माझी जुनीच खोड.

मी तस्लीमबाईंना म्हणालो, आधी अळी शोधा. एक जरी सापडली तरी ही टाकी मी माझ्या हातानं मोरीत ओततो.

त्यांनी टॉर्च काढला. कामाला पक्की बाई होती. पृष्ठभाग चारही कोपऱ्यांत पाहिला, पानांच्या मागं पाहिलं, फिल्टरच्या मागं बोट घालून पाहिलं.  फिल्टरची बुडबुड तेवढी ऐकू येत होती.

"एक पण नाही," त्या म्हणाल्या. "गप्पी आहेत ना यात. आमच्या ऑफिसमागं हौदच आहे गप्पींचा, आम्हीच वाटतो लोकांना." मग कागद पाहून म्हणाल्या, "पण यात लिहिलंय, साठवलेलं सगळं पाणी. मला रकाना भरावा लागतो."

कोनापुऱ्यांनी तोच धागा धरला. नियम सगळ्यांना एक. सरांना सूट दिली तर उद्या वरच्या मजल्यावरचे आपापली पिंपं झाकून बसतील. आवाज चढत गेला आणि शेवटी ते मला म्हणाले, "आणि यात नाहीत, तर मग डास आले कुठून? अकरा घरं तपासली, कुठंच नाहीत. सांगा की सर. एवढी पुस्तकं वाचता."

मला माहीत होतं.

मला दोन वर्षांपासून माहीत होतं. ते सांगायचं तर बाकीचंही सांगावं लागणार होतं. गेले पाच दिवस आकडा विचारायला जिन्यात उभा राहताना मी ते गिळत होतो. पण प्रश्न त्यांनी विचारला होता, समोर पद्मा उभी होती, आणि तस्लीमबाईंनी बाटलीचं झाकण अजून लावलं नव्हतं.

"गच्ची तपासली का?" मी विचारलं.

तस्लीमबाईंनी कागद चाळला. गच्चीपुढे खूण होती. त्या म्हणाल्या, चेअरमनसाहेबांनी सांगितलं, वर फक्त बंद टाकी आहे.

"गच्चीवर काय असणार," कोनापुरे म्हणाले. त्यांचा आवाज माझ्या आवाजाएवढा झालेला मी पहिल्यांदाच ऐकला.

"तीन ड्रम आहेत," मी म्हणालो. "टाकीच्या मागं. तुमचे."

आम्ही वर गेलो. तस्लीमबाई पुढं, मग मी, मग कोनापुरे. पद्मा डबा हातात घेऊनच मागून आली. शैला गुडघ्यांमुळे खालीच राहिली.

पाण्याच्या मोठ्या टाकीमागं तीन निळे ड्रम एका रांगेत होते. मोठ्या टाकीतून एक पातळ पाईप काढून त्यांच्यात सोडलेला. बाराही बिऱ्हाडांचं पाणी चौथ्या दिवशी टाकीत चढायचं, आणि कोणी आपला नळ सोडायच्या आधी हे तीन ड्रम भरायचे. झाकणं कधीच फुटली होती. वर एक फ्लेक्स टाकलेला, वाढदिवसाच्या शुभेच्छांचा, त्यावर हात जोडून हसणारे कोनापुरे. तस्लीमबाईंनी त्यांना चेहऱ्याजवळ धरून बाजूला केलं आणि टॉर्च मारला. पाण्यावर टांगलेल्या अळ्या उजेड पडताच वळवळत तळाकडे निघाल्या. शेकडो.

"या अल्ला," त्या म्हणाल्या.

कोनापुरे भिंतीकडे बघत होते. मग त्यांची नजर मधल्या ड्रमपाशी थांबली. पाईप बांधलेल्या तारेला एक चहाची गाळणी अडकवलेली होती. स्टीलची, दांडा थोडा वाकलेला. खाली विटेवर झाकणाचा एक छोटा डबा.

"ही गाळणी कोणाची?" त्यांनी विचारलं. विचारतानाच त्यांच्या लक्षात आलं असावं की इथून बाहेर पडायला वाट आहे. त्यांनी पुन्हा विचारलं, मोठ्यानं. "कोणाची आहे ही?"

माहीत नाही, असं मी म्हणू शकलो असतो. कोणी शंकाही घेतली नसती. त्या इमारतीत माझ्यावर कसला संशय घ्यावा असं कोणाला कधी वाटलं नव्हतं.

"माझी," मी म्हणालो.

मी सांगितलं. रोज सकाळी वर्तमानपत्र घेऊन गच्चीवर येतो ते वाचायला नाही. अळ्या गाळतो, स्वच्छ पाण्यातून काढतो, डब्यात भरून नेतो आणि माशांना घालतो. दुकानातल्या कोरड्या दाण्यांपेक्षा मासे त्यावर चांगले वाढतात. शैलालाही हे ठाऊक नव्हतं.

"कधीपासून?" हे पद्मानं विचारलं.

"दोन वर्षं."

"मग कोनापुरे अण्णांना सांगितलं नाही?"

नव्हतं सांगितलं. पहिल्या दिवशी फ्लेक्स उचलला तेव्हा सांगायचं ठरवलं होतं. जिना उतरताना वाक्यं जुळवली होती. कोनापुऱ्यांच्या दारापर्यंत गेलो आणि बेल न वाजवता परत आलो. त्यांची भीती होती हे खरं. माझ्या माशांना आयतं खाणं मिळत होतं हेही खरं. यातलं कुठलं कारण मोठं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. आणि मी रोज गाळत होतो, त्यामुळे डास होत नव्हते, अशी मी माझी समजूत घातली होती. सप्टेंबरात आम्ही मुलीकडे पुण्याला गेलो, बारा दिवस राहिलो. परत येऊन फ्लेक्स उचलला तेव्हा डासांचा एक लोट तोंडावर आला. तेव्हाही मी बोललो नाही. गाळणी घेतली आणि कामाला लागलो. त्यानंतर दोन आठवड्यांनी श्रावणीला ताप आला. डास त्याच ड्रममधला होता की शाळेतला, हे कोणी सांगू शकत नाही. मी दिवसांचा हिशेब पुष्कळदा करून पाहिला. तो नीट बसत नव्हता आणि पुरता सुटतही नव्हता.

एवढं सगळं मी तिथं बोललो नाही. पुण्याचं मात्र सांगितलं. आणि तो लोट सांगितला.

"म्हणजे पोरगी अॅडमिट झाली तेव्हा तुम्हाला माहीत होतं," पद्मा म्हणाली.

"होय."

"रोज जिन्यात विचारत होता, आज किती म्हणून."

"होय."

ती रडली नाही. डबा या हातातून त्या हातात घेतला, एवढंच.

कोनापुऱ्यांना कंठ फुटला. सर डास पाळत होते, सरांनी इमारतीत डेंगी आणला, असा साधा माणूस आणि बगा, असं ते बोलू लागले. गच्चीला लागून शेजारच्या इमारतीची गच्ची आहे, तिथं कपडे वाळत घालणाऱ्या बायकाही थांबल्या. माझे कान तापले होते.  पण एकदा 'माझी' म्हणून झाल्यावर आत कसलं तरी बूच निघाल्यासारखं झालं होतं.

"ड्रम तुमचे," मी म्हणालो. "पाणी बारा घरांचं. गप्प बसलो मी. माझा वाटा मी घेतो. तुमचा तुम्ही घ्या."

तस्लीमबाई म्हणाल्या, हे नंतर बघा, आधी ड्रम आडवे करा. मी एका बाजूनं धरलं आणि त्यांनी दुसऱ्या. तिन्ही ड्रमचं पाणी गच्चीभर पसरलं आणि पन्हळीतून खाली कोसळू लागलं. पुढचं पाणी मंगळवारी येणार होतं. सगळे ते वाहून जाणारं पाणी बघत राहिले. त्या अर्ध्या मिनिटात कोनापुरेसुद्धा बोलले नाहीत.

जिना उतरता उतरताच कोनापुऱ्यांनी शैलाला ऐकू जाईल असं गाळणीचं सगळं सांगून टाकलं. खाली आलो तेव्हा मला वाटलं, संपलं. कोनापुरे आमच्या दारात आडवे उभे राहिले आणि तस्लीमबाईंना म्हणाले, "आता सरांची टाकी. आता तर काही प्रश्नच नाही."

तस्लीमबाईंनी बाटली हातात घेतली, पण उघडली नाही.

मी आत गेलो आणि टाकीला पाठ लावून उभा राहिलो. काच गार होती, शर्टातून जाणवत होती. मघाशी मी याच खोलीत नको म्हणालो तेव्हा निदान टाकीपुरता तरी माझा दोष नव्हता. आता शैलापासून तस्लीमबाईंपर्यंत सगळ्यांना माझा दोष माहीत होता.

"माझं चुकलं," मी म्हणालो. "मीटिंग बोलवा, तिथं सांगतो. लिहून हवं असेल तर लिहून देतो. टाकीत औषध टाकू देणार नाही."

"आता कुठल्या तोंडानं सांगायलाव हे?" कोनापुऱ्यांनी विचारलं.

"याच तोंडानं."

शैलाच्या हातातलं फडकं खाली पडलं. तिनं ते उचललं नाही.

 मग कोनापुऱ्यांनी खरं शहाणपण केलं. पद्माकडे वळून म्हणाले, "वहिनी, पोरगी तुमची आहे. तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल तसं करू."

त्या प्रश्नानं खोलीतली हवाच गेली. पद्मा 'टाका' म्हणाली असती तर मी बाजूला झालो असतो की नाही, हे मला आजही सांगता येत नाही. पाय हलत नव्हते एवढं आठवतं. आणि पाठीमागं काचेपलीकडे दोनशे जीव आपले पाय चालवत असतील, हे मला न बघता कळत होतं.

पद्मानं माझ्याकडे पाहिलं नाही. तस्लीमबाईंना विचारलं, "यात औषध टाकून माझ्या पोरीचं काही बरं होणार आहे का?"

"नाही."

"डास आहेत का यात?"

"नाहीत ताई. मी बघितलं."

"मग मला कशाला थांबवलंय?" ती म्हणाली. "डबा गार व्हायलाय."

ती निघाली. कोनापुऱ्यांना बाजूला व्हावं लागलं. जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर थांबून, मागं न वळता ती म्हणाली, "सर, किल्ली यापुढं दुसऱ्या कुणाकडं ठेवत जावा."

तस्लीमबाईंनी बाटली पिशवीत टाकली, कानामागचं पेन काढलं आणि रकान्यात लिहिलं, 'मासे सोडलेले आहेत.' बाहेर जाऊन भिंतीवर तारीख घातली. जाताना मला म्हणाल्या की ड्रमचं कळवावं लागेल, दोघांचीही नावं घ्यावी लागतील. मी म्हणालो, घ्या. माझं नाव त्यांनी दोनदा विचारून नीट लिहून घेतलं. अच्युत सबनीस.

सगळे गेल्यावर शैलानं जमिनीवरचं फडकं उचललं. घडी घातली. मग म्हणाली, "गाळणी हरवली म्हणून मी अनुसयाला बोलले होते. त्या रागानं तिनं काम सोडलं."

मला ते माहीत होतं. तेव्हाही मी वर्तमानपत्र वाचत बसलो होतो.

"उद्या तिच्या घरी जा," शैला म्हणाली. "एकटे जा. मी येणार नाही."

मी गेलो. अनुसयानं मला दारातच उभं करून सगळं ऐकून घेतलं, आतून सासूला बोलावलं आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. मी सांगितलं.

श्रावणीचा आकडा सोमवारी वर सरकला आणि नवव्या दिवशी ती घरी आली. व्यंकटेशनं तिला उचलून जिना चढवला. मी दाराच्या फटीतून पाहिलं. बाहेर यायचं धाडस झालं नाही, आणि तिलाही कोणी आमच्याकडे पाठवलं नाही.

महिनाअखेरीस मीटिंग झाली. मी दोन पानं लिहून नेली होती. पहिल्या पानावरच्या दोन ओळी मी दोनदा वाचल्या. ड्रम, पाईप, गाळणी, बारा दिवस, सगळं वाचलं. कोनापुऱ्यांनी पाईप काढून टाकल्याचं सांगितलं आणि लगेच ठराव मांडला की इमारतीत माशांच्या टाक्या ठेवायला मनाई असावी, असलेली टाकी महिन्याभरात काढावी. नऊ हात वर झाले. ठराव मंजूर झाला. मी उभा राहून म्हणालो की टाकी हलणार नाही, आणि खाली बसलो.  पुढं नोटीस आली. मी तिला एका ओळीचं उत्तर दिलं. दुसरी नोटीस आली, तिलाही तेच उत्तर दिलं. तिसरी आली नाही.

पण ते नंतरचं. मीटिंगनंतरच्या पहिल्या शुक्रवारी सकाळी मी टॉर्च घेतला आणि घराबाहेर पडलो. कुठं चाललात, असं शैलानं विचारलं. घरोघरचं पाणी बघायला, मी म्हणालो. तिनं मला वेड्यात काढलं नाही. चष्मा पुसून दिला.

तिसऱ्या मजल्यापासून सुरुवात केली. दुसऱ्याच्या दारावरची बेल वाजवणं हे मला तोवर जन्मात जमलं नव्हतं. घरचे लोक जेवत असतील, झोपले असतील, भांडत असतील, असं वाटून मी परत फिरायचो. त्या दिवशी एकेक बेल वाजवली. अळ्या दिसायला कशा असतात हे या इमारतीत माझ्याइतकं कोणाला ठाऊक नाही, तेव्हा मला दर शुक्रवारी तुमचं पाणी बघू द्या, असं सांगितलं. कोणी हसलं. एकानं दार लावून घेतलं, मी तिथंच उभा राहिलो, आणि पाच मिनिटांनी त्यानं वैतागून उघडलं. एका बाईंनी विचारलं, आता आमच्या घरच्या अळ्या पण नेणार का माशांना? सापडल्या तर नेईन, मी म्हणालो. त्यांच्या मोरीतल्या बादलीत खरंच सापडल्या.

कोनापुरे दारात कंबरेवर हात ठेवून उभे राहिले. "कोणी दिला तुम्हाला हा अधिकार?"

"कोणीच नाही," मी म्हणालो. "झाकण उघडा."

त्यांनी उघडलं. रागानं की आश्चर्यानं, मला माहीत नाही. पण उघडलं.

म्याकलांचं दार मी शेवटी ठेवलं होतं. तिथं सर्वांत जास्त वेळ उभा राहिलो. बेल वाजवली. पद्मानं दार उघडलं. तिनं माझ्या हातातला टॉर्च पाहिला, माझ्याकडे पाहिलं. मी जे वाक्य दहा दारांत बोललो होतो ते इथं तोंडातून निघेना. ती दारातून बाजूला झाली.

स्वयंपाकघरात पिंप होतं. घासून लख्ख केलेलं, तोंडाला कापडाचा जाड धडपा दोरीनं आवळून बांधलेला. पद्मानं दोरी सोडली, धडपा वर धरला. मी टॉर्च मारला. तळ दिसत होता. मी चारही कडा पाहिल्या, काही नव्हतं. टॉर्च बंद करून मी सरळ झालो आणि निघण्यासाठी वळलो.

तिनं धडपा खाली सोडला नव्हता.

"नीट बघा," ती म्हणाली.

मी टॉर्च लावला आणि पुन्हा वाकलो.